ब्राह्मी कोणती?

महाराष्ट्राबाहेर चाकरी करणाऱ्या माणसाला पहिले धडे मिळतात ते शब्दांचे. कोलकात्याच्या कार्यालयात आम्ही रुजू झालो त्याच आठवड्यात एका वयस्क सहकाऱ्यांनी एक किचकट फाईल आमच्यापुढे सारली आणि ते म्हणाले, "चेष्टा करे देखुन." आम्ही चपापलो. नव्या माणसाची चेष्टा करण्याची ही कोणती रीत, असे मनात आले. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि ते सद्गृहस्थ आम्हांस केवळ 'प्रयत्न करून पाहा' असे सांगत होते, हे कळावयास दोन दिवस लागले. या मासिकाच्या वाचकांपैकी प्रत्येकाजवळ अशा शब्दांची एक यादी असेलच. उत्तरेकडे बदलून गेलेल्यांना तर 'शिक्षा' हा शब्द शाळेच्या दारावरच भेटला असेल. सुटीत घरी गेल्यावर आपण या गमती सांगतो, चार माणसे हसतात, आणि गोष्ट तेथे संपते.

आम्ही येथे सांगणार आहोत ती गोष्ट मात्र तेथे संपली नाही. तीही एका नावाचीच आहे. पण ते नाव एका औषधी वनस्पतीचे असल्यामुळे, आणि ते औषध आमच्या आईसाठी असल्यामुळे, त्यातून एक नैतिक प्रश्न उभा राहिला. गेली दोन वर्षे तो आमच्या मनात घोळत आहे. वाचकांनी त्याचा आमच्याबरोबर विचार करावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरामागे माडा-पोफळींचे लहानसे आगर आहे आणि आगराच्या तोंडाशी विहीर. आमच्या लहानपणी त्या विहिरीवर हाताने ओढायचा रहाट होता. डोणीतून सांडणारे पाणी पाटाने माडांकडे जाई, आणि त्या पाटाच्या दोन्ही कडांना बारमाही ओल असे. त्या ओलीवर गोल पानांची एक वेल जमिनीला चिकटून पसरलेली असायची. पान साधारण रुपयाएवढे, देठापाशी खाच असलेले, कडेला बारीक दाते असलेले. देठ लांब, आणि वेलीच्या पेरापेराला मुळे फुटलेली. आई तिला ब्राह्मी म्हणे. श्रावण सरला की ती ब्राह्मी आणि माका खुडून, पाट्यावर वाटून, लोखंडी कढईत खोबरेल तेलात कढवीत असे. तेलाचा चरचराट थांबला म्हणजे पाणी आटले, हे आम्हां मुलांना त्या कढईपाशी बसून कळले. ते हिरवट तेल वर्षभर घरातल्या सगळ्यांच्या डोक्याला लागे. परीक्षेच्या दिवसांत चार पाने चावून खाण्यासही मिळत. ती किंचित तुरट-कडवट लागत, पण खाववत नाहीत अशी नव्हेत.

कोलकात्यास आल्यावर गरियाहाटच्या बाजारात पालेभाज्या विकणाऱ्या एका बाईंपाशी 'ब्राह्मी शाक' हे नाव ऐकले, तेव्हा आम्हांस घरचे माणूस भेटल्यासारखे झाले. पण बाईंनी पुढे केलेली जुडी पाहून आम्ही बुचकळ्यात पडलो. तिच्यात गोल पान एकही नव्हते. मांसल, लुसलुशीत देठ. त्यांवर समोरासमोर बसलेली, बिनदेठाची, टोकाकडे किंचित रुंद होत गेलेली जाडसर पाने, एकेक पान जेमतेम एक-दोन सेंटिमीटरांचे. आणि मधूनच एखादे पांढरट निळसर फूल. चव पाहिली तर जिभेवरून उतरेना इतकी कडू. बंगाली घरांत हिची पाने तुपात परतून जेवणाच्या आरंभी पहिल्या भाताशी वाढतात, आणि अभ्यास करणाऱ्या मुलांना ती आग्रहाने खाऊ घालतात. मग आमची गोल पानांची ब्राह्मी येथे नाही की काय? ती आहे, त्याच बाईंच्या टोपलीत ती शेजारीच पडलेली होती. पण तिचे नाव येथे थानकुनी, आणि ती घ्यावयाची बुद्धीसाठी नव्हे, तर पोटासाठी.

पुढे कुतूहलाने आम्ही माहिती जमवीत गेलो, आणि निरनिराळ्या प्रांतांत असलेल्या स्नेह्यांनीही भर घातली. आपल्या गोल पानाला आसामात मणिमुनी म्हणतात, ओडिशात थालकुडी, कर्नाटकात ओंदेलग, तामिळनाडूत वल्लारै. हरिद्वारच्या बाजारात मात्र महाराष्ट्राप्रमाणे हेच गोल पान ब्राह्मी या नावाने मिळते. उलट केरळात ब्राह्मी म्हटले की बंगालातली लहान पानांची वनस्पती समोर येते. आपल्याकडेही ही लहान पानांची वनस्पती परकी नाही. तळ्याच्या काठी, भातखाचरांच्या बांधाशी ती उगवते आणि जाणती माणसे तिला जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी म्हणतात. गोल पानाला मराठीत कारिवणा असे दुसरे नावही आहे. म्हणजे नाव एक आणि वनस्पती दोन. आणि दोघींचे वसतिस्थान तेच, पाणथळ जमीन.

वनस्पतिशास्त्रज्ञांच्या दृष्टीने या दोघींत दूरचेसुद्धा नाते नाही. गोल पानाची ती सेंटेला एशियाटिका, कोथिंबीर व गाजर यांच्या कुळातली; लहान पानाची ती बॅकोपा मोनिएरी, इसबगोल ज्या कुळात मोडतो त्या कुळातली. शास्त्रीय नाव तरी अढळ असावे अशी आपली समजूत असते. पण तेथेही बदल्या होतातच. पहिलीचे नाव लिनियसने १७५३ साली हायड्रोकॉटिल एशियाटिका असे ठेवले होते. दुसरी आपल्या जुन्या ग्रंथांत हर्पेस्टिस मोनिएरा या नावाने भेटते. फरक इतकाच की शास्त्रज्ञ नाव बदलतात तेव्हा जुन्या नावाची नोंद ठेवतात. या नोंदीचे महत्त्व आम्हांस पुढे कळावयाचे होते.

आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत घोटाळा नव्हता, असे दिसते. चरकाने चिकित्सास्थानात जी चार मेध्य रसायने सांगितली, त्यांतले पहिले मंडूकपर्णीचा स्वरस. इतर तीन म्हणजे दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. ब्राह्मीच्या रसात सिद्ध केलेले जुने तूप तो निराळे सांगतो, तेही अपस्माराच्या प्रकरणात, वेखंड, कोष्ठ व शंखपुष्पी यांच्यासह. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात मंडूकपर्णीचा स्वरस व ब्राह्मीचा स्वरस यांचे विधी वेगवेगळे दिले आहेत. म्हणजे त्यांच्या लेखी या दोन वनस्पती होत्या. पुढे सोळाव्या शतकातील भावमिश्राने दोघींची नावे पाठोपाठ देऊन गुण मात्र एकत्र वर्णिले. गुण एक झाल्यावर नावे एक व्हावयास कितीसा वेळ लागणार? ज्या प्रांतात जी विपुल, ती तेथे ब्राह्मी झाली. अशा वनस्पतींना वैद्यकात 'संदिग्ध द्रव्ये' म्हणतात. गुजरातचे वैद्य बापालाल यांनी तर या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आज भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने निर्णय देऊन टाकला आहे: ब्राह्मी म्हणजे बॅकोपा आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला. सरकारदरबारी बंगाल व केरळ जिंकले आणि आमच्या आईचा पाट हरला.

येथपर्यंत हा विषय केवळ विद्येचा होता. रविवारच्या फावल्या वेळात ग्रंथ चाळावेत, शेजारच्या वृद्ध कविराजांशी दोन घटका गप्पा माराव्यात, इतकेच त्याचे स्वरूप. कविराजमहाशय एकदा म्हणाले, "पाण्याकडे पाहून ब्राह्मी घ्या." ही वनस्पती ज्या पाण्यात वाढते त्यातील शिसे व कॅडमियम यांसारखे धातू ओढून घेते. गटारकाठची ब्राह्मी शास्त्राप्रमाणे ब्राह्मीच असते, पण औषध नसते. नाव खरे असून वस्तू खोटी असू शकते, हे आम्ही त्या दिवशी टिपून ठेवले. परंतु टिपून ठेवणे आणि वेळेवर आठवणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

आईला विस्मरणाचा त्रास सुरू झाला तेव्हा तिचे वय सत्तरीला टेकले होते. आरंभी चष्मा, किल्ल्या, दुधाचा हिशेब. मग नातवंडांच्या नावांची अदलाबदल. मग सायंकाळी दिवा लावल्यावर पुन्हा दिवा लावणे. तालुक्याच्या गावी डॉक्टरांना दाखविले. त्यांनी तपासण्या करून जे निदान लिहिले त्याला मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात. औषधे सुरू झाली. ती बरे करणारी नव्हेत, उतार थोडा मंद करतील तर करतील, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. दूर राहणाऱ्या मुलाला अशा वेळी काहीतरी केल्याचे समाधान हवे असते. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत १९६०च्या दशकात बॅकोपातून बॅकोसाइड नावाची द्रव्ये वेगळी करण्यात आली. पुढे निरोगी माणसांवर झालेल्या काही लहान चाचण्यांत, सुमारे बारा आठवडे ती घेतल्यावर, स्मरणात थोडा लाभ दिसला. स्मृतिभ्रंश तिने बरा होतो असे कोणी सिद्ध केलेले नाही, हेही आम्ही वाचले होते. तरीही डॉक्टरांना विचारून, त्यांच्या औषधांच्या जोडीला, आईला ब्राह्मीचा रस द्यावा असे ठरले.

घरची ब्राह्मी तोवर नाहीशी झाली होती. विहिरीवर पंप बसला, डोण मोडली, पाटाच्या जागी नळी आली, काठ सिमेंटने बांधून काढला. सांडणारे पाणी थांबले तशी ती वेलही सरली. म्हणून कविराजांच्या ओळखीच्या एका स्वच्छ तळ्याकाठची ब्राह्मी आम्ही मागविली, ओल्या फडक्यात गुंडाळली, आणि दोन रात्रींच्या रेल्वेप्रवासात तिच्यावर पाणी शिंपडीत घरी घेऊन गेलो.

संध्याकाळची वेळ होती. आई ओटीवर बसली होती. आम्ही फडके सोडून जुडी तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "आई, ही ब्राह्मी. तुझ्यासाठी आणली."

तिने एक काडी उचलली, पान चुरगाळून नाकाशी नेले आणि ती म्हणाली, "ही ब्राह्मी नव्हे रे. ब्राह्मीचं पान असं असतं." आणि डाव्या हाताच्या तळव्यावर उजव्या हाताच्या बोटाने तिने एक गोल काढला. गोल पुरा केला नाही. देठाच्या जागी खाच सोडली.

आमचे धाकटे बंधू तेथेच होते. ते म्हणाले, "आई, तू विसरलीस. दादा कलकत्त्याहून घेऊन आलाय. हीच ब्राह्मी."

तिने आमच्याकडे पाहिले. त्या घरात त्या क्षणी खरी गोष्ट जाणणारी माणसे दोनच होती: आई आणि आम्ही. बंधूंना दुसऱ्या ब्राह्मीची वार्ताही नव्हती. त्यांचा दोष नाही. आम्ही मात्र सारे जाणत होतो. दोन्हींची कुळे, चरक, सुश्रुत, औषधिकोश, सर्व. आणि आम्ही गप्प राहिलो.

"असेल बाबा," आई म्हणाली. "मला हल्ली आठवत नाही." आणि भावजयीने काढून दिलेला तो कडू रस ती मुकाट्याने प्याली.

आम्ही गप्प का राहिलो? प्रवासाचा शीण होता. सगळे समजावून सांगण्यास वेळ लागला असता. ही ती ब्राह्मी नव्हे म्हटल्यावर तिने रस घेतला नसता. आणि दोन रात्री सांभाळून आणलेली वस्तू चुकीची ठरलेली आम्हांसही नको होती. ही सगळी कारणे खरी आहेत. त्यांतले शेवटचे सर्वांत खरे आहे.

त्यानंतर त्या सुटीत आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. आई बरोबर असलेल्या गोष्टीही विचारून घेऊ लागली. भातात मीठ घालताना हात आखडता घेई आणि विचारी, "घातलंय का मी?" अंगणातल्या ज्या फुलाचे नाव तिला पक्के ठाऊक होते, ते सांगून झाल्यावर ती आमच्या तोंडाकडे पाही. हे सर्व त्या एका संध्याकाळीच झाले असे आम्ही म्हणणार नाही. आजार आपल्या गतीने पुढे जात होताच. परंतु तो ज्या दिशेने तिला ढकलीत होता, त्याच दिशेने आम्हीही एक धक्का दिला, हे आम्हांस नाकारता येत नाही.

आता प्रश्न असा की, आमच्याकडून नेमके काय चुकले? स्वतःच्या बचावासाठी आम्ही स्वतःशी तीन मुद्दे मांडून पाहिले.

पहिला मुद्दा नावाचा. नाव हा संकेत आहे; एका वस्तूला अमुक म्हणावे असे दहा जणांनी ठरविले की ते तिचे नाव. मग बंगालचा संकेत खोटा का म्हणावा? शिवाय औषधिकोश आमच्या बाजूला. म्हणजे 'ही ब्राह्मी' हे आमचे वाक्य अक्षरशः खरे होते. होय, होते. परंतु आई औषधिकोशाविषयी बोलत नव्हती. पन्नास वर्षे ज्या पानाला ती ब्राह्मी म्हणत आली ते पान हे नव्हे, इतकेच ती सांगत होती. आणि तिचेही वाक्य अक्षरशः खरे होते. दोन खरी वाक्ये समोरासमोर आली असता त्यांतले एक दुसऱ्याला खोटे ठरवू लागते, ते केवळ दोघांपैकी एकाच्या मागे बळ असते म्हणून. आमच्या मागे शहर होते, शिक्षण होते, शाबूत स्मरणशक्ती होती. आईच्या मागे केवळ तळव्यावर काढलेला एक गोल होता. आणि आमच्या मौनाने ज्या वाक्याला मान्यता दिली, ते 'ही ब्राह्मी आहे' हे नव्हतेच. ते होते 'तू विसरलीस'. ते वाक्य खोटे होते.

दुसरा मुद्दा हेतूचा. जे केले ते तिच्या भल्यासाठी. कडू औषध मधात कालवून देतात, मुलाला गोळी केळ्यात घालून चारतात, हे तसेच. परंतु तसे ते नाही. मध औषधाची चव झाकतो. आम्ही जे झाकले ते तिच्याच मनाचे एक खरे ज्ञान होते. ज्या स्मृतीचे रक्षण करण्यासाठी औषध आणले, तिच्यावरचा तिचा विश्वास त्या औषधाच्या पहिल्या पेल्यातच आम्ही खर्ची घातला. हेतू चांगला होता म्हणून हा खर्च जमेच्या बाजूला लिहिता येत नाही.

तिसरा मुद्दा सांगावयास आम्हांस लाज वाटते, पण तो मनात आला होता: उद्या तिला हे आठवणारही नाही. याचे उत्तर आम्हां कारकुनांना तरी ठाऊक असावयास हवे. धनकोपाशी असलेला कागद हरवला म्हणून ऋण फिटत नाही. उलट ज्याला आपले येणे आठवत नाही, त्याच्या बाबतीत हिशेब चोख ठेवण्याची सगळी जबाबदारी देणेकऱ्यावर येते. कारण दुसरी वही आता कोठेही नाही.

यावर कोणी म्हणेल, मग विस्मरण झालेल्या माणसाचे सगळेच बोलणे खरे मानावयाचे काय? तेही शक्य नाही. वडिलांना जाऊन सात वर्षे झाली, तरी ते बाजारात गेले आहेत असे आई एखादे वेळी म्हणते. तिचा प्रत्येक शब्द प्रमाण मानण्यात कोणाचे भले नाही. परंतु याचा अर्थ तिचा एकही शब्द प्रमाण नाही असा होत नाही. न्यायसूत्रांच्या भाष्यात वात्स्यायनाने आप्त कोण याचा विचार करताना एक मोठे उदार वचन सांगितले आहे. ज्याने ती वस्तू प्रत्यक्ष जाणली आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू. आप्तपणा माणसाच्या पदवीला चिकटलेला नाही. तो विषयापुरता असतो. ब्राह्मीच्या पानाविषयी त्या ओटीवर आईइतके आप्त कोणीही नव्हते. चरकानेही सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की, वनात शेळ्या, मेंढ्या व गाई राखणारे आणि इतर वनवासी हे औषधींना नावाने व रूपाने ओळखतात. त्यांचा योग जाणणे ही वैद्याची विद्या, हेही तो लगेच सांगतो. पण ओळख पटविण्याच्या कामी तो गुराख्याचा अधिकार मान्य करून मगच पुढे जातो.

तेव्हा नियम इतकाच निघतो: माणूस आजारी आहे, हे त्याच्या विधानाचे खंडन नव्हे. विधान खोटे असेल तर ते वस्तू पाहून खोटे ठरवावे. 'तुम्हांला आठवत नाही' हे वाक्य वस्तू न पाहताच निकाल देते, म्हणून ते इतके सोयीचे असते. आमच्या कार्यालयीन आयुष्यात त्याची भावंडे आम्हांस रोज भेटतात. एकदा एका वृद्ध निवृत्तिवेतनधारकाचे नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेले निघाले. तो गृहस्थ समोर उभा राहून "दोन्ही मीच" असे सांगत होता, आणि आम्ही त्याच्याकडे मान वर करून न पाहता फाईल परत केली. कागदाची चौकशी योग्यच होती. पण 'आपण म्हणता ते खरे असू शकेल, आम्ही तपासून पाहतो', इतके म्हणावयास कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती. तेथे दोन नावे आणि माणूस एक. येथे नाव एक आणि वनस्पती दोन. दोन्हीकडे आमचे आळस तेच.

या विचारात असताना चरकाचे आणखी एक स्थळ आमच्या वाचनात आले आणि आम्ही थबकलो. शारीरस्थानात तो प्रज्ञापराधाचे विवेचन करतो. धी, धृती आणि स्मृती ही भ्रष्ट झाली असता माणूस जे अशुभ कर्म करतो तो प्रज्ञापराध. त्यांतल्या स्मृतिभ्रंशाची व्याख्या तो अशी करतो की, रज व मोह यांनी मन झाकले गेल्यामुळे तत्त्वाची आठवण सुटणे म्हणजे स्मृतिभ्रंश. शब्द तोच, जो डॉक्टरांच्या निदानासाठी आपण मराठीत वापरतो. म्हणजे येथेही नाव एक आणि वस्तू दोन! एक स्मृतिभ्रंश मेंदूचा. तो आईला झाला आणि त्यात तिचा काही अपराध नाही. दुसरा तत्त्वाचा, जे ठाऊक आहे ते वेळेवर न आठवण्याचा, शिणाने, सोयीने, मानाच्या हव्यासाने ते झाकून टाकण्याचा. त्या संध्याकाळी ओटीवर तो कोणाला झाला होता, हे सांगावयास वैद्य नको. आईला पानाची खाचसुद्धा आठवत होती.

गेल्या पावसाळ्यात आम्ही रजा घेऊन घरी गेलो. गावाबाहेरच्या ओहोळाच्या काठी, जेथे अजून कोणी बांधकाम केलेले नाही, तेथे गोल पानांची ब्राह्मी भरपूर मिळाली. मुळांसकट चार वेली आणून मागील दारी न्हाणीच्या सांडपाण्यापासून दूर, ओल धरील अशा जागी लावल्या. एक पान खुडून आईच्या हातावर ठेवले आणि भाऊ-भावजयीसमोर तिला म्हणालो, "आई, तू म्हणाली होतीस तीच ही ब्राह्मी. तू बरोबर होतीस. मला माहीत असून मी बोललो नाही."

तिने पान उलटसुलट करून पाहिले. "कसलं पान रे हे?" तिने विचारले. आणि मग, "मी केव्हा म्हणाले?"

आम्हांला यावयास उशीर झाला होता. क्षमा मागावी तर ज्याच्यापाशी मागावयाची त्याच्यापाशी अपराधाची आठवण उरली नाही, आणि ज्या ज्ञानाबद्दल तिला मान द्यावयाचा तेही निघून गेले. मग ते बोलणे व्यर्थ गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. ते बंधूंनी ऐकले, भावजयीने ऐकले. पूर्वीच्या नोंदीची दुरुस्ती झाली. आणि नोंद दुरुस्त झाली की पुढच्या कामाची रीत बदलते. त्या दिवसापासून आमच्या घरी 'तू विसरलीस' हे वाक्य कोणी वापरीत नाही. आई काही बोलली की आधी पाहून येतात, मग उत्तर देतात.

मागच्या आठवड्यात दूरध्वनीवर बंधू सांगत होते. दुपारी आई म्हणाली, आगरात कोणीतरी येऊन उभे आहे. तसे ती अनेकदा म्हणते, आणि बहुतेक वेळा कोणी नसते. तरी ते चप्पल घालून गेले. शेजारचे काका नारळ पाडणाऱ्या माणसाला घेऊन आले होते आणि हाक मारावी की न मारावी या संकोचात कुंपणाशी उभे होते. बंधूंनी परत येऊन आईला सांगितले, "होय, काका आले आहेत." आई म्हणाली, "मग चहा टाका."